बदकाशेजारची खुर्ची

प्राण्यांच्या दवाखान्यात सगळ्यात अवघड काम डॉक्टरचं असतं, हा एक गैरसमज आहे. डॉक्टरसमोर एका वेळी एकच प्राणी येतो, आणि टेबलावर ठेवलं की भल्याभल्या वाघाची शेळी होते. शेळीचं काय होतं, ते सांगण्यासारखं नाही.

खरं अवघड काम बाहेर, बसायच्या खोलीत. तिथे नऊ खुर्च्या, एक खिडकी, एक पडदा, आणि संधी मिळाली तर एकमेकांना खाऊ शकतील असे सात-आठ जीव शांतपणे आपल्या नंबराची वाट बघत असतात. ते शांतपणे वाट बघतात याचं कारण त्यांना कोणीतरी नीट बसवलेलं असतं.

या दवाखान्यात ते काम सव्वीस वर्षं काउंटरकाका करत होते. काउंटरमागे बसायचे म्हणून काउंटरकाका. दार उघडलं की म्हणायचे, "बोका चार नंबरला, तोंड भिंतीकडे. पोपट खिडकीशी, पण खिडकी बंद." कोणाचं कोणाशी पटतं, कोणाची कोणाशी जुनी भानगड आहे, कोणाला कोणाचा वाससुद्धा चालत नाही, सगळं डोक्यात. कुठे लिहिलेलं नाही, कुठे टांगलेलं नाही.

अडचण एवढीच की डोकं शाबूत होतं, पण डोक्याला खबर देणारे डोळे संपावर गेले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तीनदा ऑपरेशनची तारीख ठरली आणि तीनदा काकांनीच ती मोडली. कारण दर वेळी एकच, "मग बदकाला कोण बसवणार?"

हे बदक सायकल दुरुस्त करणाऱ्याचं. दर आठवड्याला पायाच्या मलमपट्टीला यायचं आणि शेजारी जो कोणी असेल त्याला चावायचं. लहान-मोठा, केसाळ-पिसाळ, माणूस-जनावर असा भेदभाव ते करत नसे. म्हणून बदकाशेजारच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या ठेवायच्या, हा दवाखान्याचा पहिला नियम. आजवर ज्यांना ते चावलं नाही असे एकटे काकाच. येता-जाता त्याच्या मानेवरून बोट फिरवायचे, आणि बदक डोळे मिटून घ्यायचं. का, ते त्या दोघांनाच ठाऊक.

शेवटी एक दिवस काकांनी एका बाईंच्या लोकरी मफलरचा केसपेपर काढला. वय: प्रौढ. तक्रार: हालचाल नाही. मफलर पाच नंबरच्या खुर्चीवर पंधरा मिनिटं बसला. इतका समजूतदार पेशंट बऱ्याच दिवसांनी आला, असं काका नंतर म्हणाल्याचं सांगतात.

डॉक्टरीणबाईंनी तो केसपेपर वाचला आणि स्टेथोस्कोप गळ्यातून काढून ठेवला. "काका, बस झालं. या गुरुवारी ऑपरेशन. डोळ्यांचे डॉक्टर मला स्पष्ट म्हणाले, आणखी पुढे ढकललंत तर ढकलायला मी असेन, डोळे नसतील."

"आणि बदकाला..."

"बदकाला कार्बन बसवेल."

कार्बन म्हणजे डॉक्टरीणबाईंची भाची. वय बावीस. सकाळ-संध्याकाळ मावशीला मदत करायची आणि मधल्या वेळात व्हिडिओ बघून प्रोग्रामिंग शिकायची. अकरा महिन्यांत तिने सतरा प्रोग्राम लिहिले होते आणि सतराच्या सतरा दुसऱ्याचे होते. व्हिडिओतले सर जे टाइप करतील ते ती टाइप करायची. सरांनी ओळ खोडली की ही खोडायची. सरांची चूक झाली की ती चूकसुद्धा इमानेइतबारे टाइप करायची आणि सर ती दुरुस्त करेपर्यंत हात मांडीवर ठेवून बसायची. एकदा सरांना शिंक आली, तर हिने काम थांबवलं. कार्बन हे नाव तिला मोठ्या भावाने दिलं होतं, आणि ते इतकं चपखल बसलं होतं की ती स्वतःही फोनवर "हां, कार्बन बोलतेय" म्हणायची.

"कम्प्युटरचं शिकतेस ना?" मावशी म्हणाली. "मग काकांच्या डोक्यातलं त्यात उतरव. कोण आलं ते लिहायचं, कुठल्या खुर्चीवर बसवायचं ते त्याने सांगायचं. बुधवारपर्यंत."

"हो," कार्बन म्हणाली. हो म्हणायला तिला अकरा महिन्यांपूर्वीपासूनच येत होतं.

लगेच तिने व्हिडिओ शोधायला घेतला. दवाखान्यात बदक कसं बसवावं यावर जगात एकही व्हिडिओ नव्हता. बोकड, कासव, घोरपड, सगळं घालून पाहिलं. सर्वांत जवळचं जे सापडलं ते होतं 'लग्नाच्या हॉलमधली बैठक व्यवस्था, अवघ्या दोन तासांत'. कार्बनने ते दोन तास अक्षर न अक्षर उतरवून घेतले. काका अमुक म्हणतात तर इथे असं बदलू या, हे करायचं तिला सुचलं नाही असं नाही. सुचलं होतं. पण सरांनी बदललं नव्हतं.

सोमवारी सकाळी भिंतीवरचा जुना टीव्ही कम्प्युटरला जोडला, म्हणजे सगळ्यांना दिसेल. पहिला आला पोस्टमन, शेळी घेऊन. टीव्हीवर अक्षरं उमटली: 'आपले सहर्ष स्वागत! आपण वधूपक्ष की वरपक्ष?'

पोस्टमनने शेळीकडे पाहिलं. शेळीने पोस्टमनकडे पाहिलं.

"वरपक्ष," पोस्टमन म्हणाला. सरकारी नोकरीत माणसाला फॉर्म भरायची सवय होते.

त्याच्या मागचे सगळे भिडेखातर वरपक्ष म्हणाले. आणि प्रोग्रामचा नियम असा की एका पक्षाची माणसं शेजारी-शेजारी बसवायची. दहा मिनिटांत एका ओळीत शेळी, बोका, पोपट, घरच्यांनी ज्याचं नाव पलंग ठेवलं होतं तो प्रचंड कुत्रा, आणि शेवटी बदक. एक खुर्ची मुलीच्या मामांसाठी राखीव.

पुढचं वर्णन करण्यात अर्थ नाही. बोका पडद्याच्या दांडीवर गेला. पोपट ज्या शिव्या देत होता त्या त्याच्या मालकिणीने आपल्या नाहीत असं शपथेवर सांगितलं. पलंगने पलंगाखाली शिरायचा प्रयत्न केला, पण खोलीत पलंग तोच होता. बदक ओळीने सगळ्यांना चावत गेलं आणि राखीव खुर्चीवर जाऊन बसलं. या गदारोळात काका चष्मा कपाळावर सारून मधोमध उभे राहिले आणि नुसत्या आवाजावरून एकेकाला जागेवर नेऊन बसवलं. चार मिनिटं लागली.

मग ते काउंटरपाशी आले, चाचपडत फोन उचलला आणि नंबराची चिठ्ठी डोळ्यांपासून दोन बोटांवर धरून नंबर फिरवायला लागले.

"कोणाला करताय, काका?" कार्बनने विचारलं, तरी तिला माहीत होतं.

"डोळेवाल्या डॉक्टरला. म्हणतो, पुढच्या महिन्यात बघू."

"काका, नका ना. मी करते नीट."

"अगं, कर की. मी कुठे नाही म्हणतोय? तू केलंस की मी जातो."

चौथ्यांदा. कार्बनने फोनवर हात ठेवला. "बुधवारपर्यंत थांबा. बुधवारी संध्याकाळी नाही जमलं तर मीच लावून देईन फोन."

काकांनी फोन खाली ठेवला. नीट जागेवर नाही, जागेच्या बाजूला. रिसीव्हर काउंटरच्या कडेवरून घसरून लोंबकळू लागला, तो कार्बनने उचलून जागेवर ठेवला.

दवाखाना दुपारी एक ते चार बंद असायचा. कार्बनने कम्प्युटरवर नवी फाइल उघडली. रिकामी. डाव्या कोपऱ्यात एक उभी रेघ लुकलुकत होती, हं, बोला, हं, बोला, अशी. कार्बन बोलेना. तिने खुर्ची पुढे घेतली, पाणी प्यायली, कीबोर्ड उलटा करून झटकला. त्यातून बिस्किटाचे कण आणि मांजराचे केस पडले. ते गोळा केले. मग पुन्हा पाणी प्यायली.

काका समोर डबा उघडून बसले होते. "काय गं, रजा घेतली का यंत्राने?"

"मला नाही येत, काका."

"त्या दिवशी तर दोन तास खडखड चाललं होतं."

"ते सर सांगतात तसं. स्वतःचं नाही येत."

"लिहून पाहिलंस?"

"नाही."

"मग येत नाही हे कोणी सांगितलं?"

खरं सांगायचं तर हिशेब साधा होता. जोवर लिहीत नाही तोवर आपल्याला येत असण्याची शक्यता शिल्लक राहते. एकदा लिहिलं की तीही गेली. अकरा महिने तिने ती शक्यता ठेवणीतल्या साडीसारखी घडी घालून जपली होती. पण हे काकांना कसं सांगणार? ती म्हणाली, "चुकलं तर?"

काकांनी डबा बाजूला सारला आणि शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत वर केल्या. "इकडे ये. हा कसला डाग?"

मनगटावर पांढरी चंद्रकोर होती. "कुत्रा?"

"ससा. कोणाला वाटेल का ससा? मलाही नव्हतं वाटलं. त्या दिवशी कळलं, सशाला मागून उचलायचं नाही. हा इथला बोक्याचा. त्याचं तोंड भिंतीकडे का करतो? याच्यामुळे. हे तीन ठिपके वकिलाचे."

"वकील चावला?"

"वकिलाचा पोपट गं. वकील नुसता हजर होता." काका हात उलटसुलट करून दाखवत होते, जणू दुकानात कापड दाखवताहेत. "मला काय कोणी व्हिडिओ दाखवला होता? पहिल्या दिवशी मी कुत्रा आणि मांजर शेजारी बसवले. म्हटलं, दोघांनाही शेपूट आहे, पटेल."

कार्बनला हसू आलं.

"आता सांग. तुझं ते चुकलं की काय करतं?"

"लाल अक्षरं येतात."

"आणि?"

"खूप येतात कधीकधी."

"चावतात?"

"नाही."

"अंगावर मुततात?"

"नाही हो काका."

"मग पोरी, तुला जगातली सगळ्यात सोपी जनावरं मिळालीत," काका म्हणाले आणि डब्याकडे वळले. "चल. मी सांगतो, तू लिही. पहिला नियम बदकाचा."

कार्बनने बोटं कीबोर्डवर ठेवली. जर आलेला प्राणी बदक असेल, तर त्याच्या दोन्ही बाजूच्या खुर्च्या रिकाम्या ठेव. एवढंच. जर आणि तर. ही ओळ कुठल्याच सरांनी लिहिलेली नव्हती. ती लिहायला तिला वीस मिनिटं लागली आणि त्यातली अठरा एंटर दाबायला.

दाबलं. चौदा ओळी लाल.

कार्बन उठली आणि औषधांच्या खोलीच्या दारामागे जाऊन उभी राहिली.

"काय झालं?" काकांनी घास खाली न ठेवता विचारलं.

"एरर आला."

"कुठे चावला?"

दारामागून आवाज आला, "नाही चावला."

"मग बाहेर ये आणि काय म्हणतोय ते बघ. उगाच कोणी भुंकत नाही. एकतर भूक, नाहीतर दुखतंय."

ती बाहेर आली. अकरा महिन्यांत पहिल्यांदाच तिने लाल अक्षरं वाचली. आजवर ती सरांनी वाचली होती. चौदातल्या तेरा ओळी नुसता आरडाओरडा होता. चौदावीत लिहिलं होतं की तिसऱ्या ओळीत कंस उघडलाय, तो मिटवलेला नाही.

"दुखतंय," कार्बन म्हणाली आणि कंस मिटवला.

मंगळवारी दुपारपर्यंत एकोणीस नियम झाले. तपासायला प्राणी नव्हते, म्हणून काकांनी टेबलावरच्या वस्तू नेमल्या. स्टेपलर म्हणजे बोका, स्पंज म्हणजे ससा, जाडजूड रजिस्टर म्हणजे पलंग, आणि शाईची बाटली म्हणजे बदक. कार्बन एकेकाचं नाव टाइप करायची, प्रोग्राम खुर्ची सांगायचा आणि काका गंभीरपणे ती वस्तू नेऊन बसवायचे.

"स्टेपलर... म्हणजे बोका, खुर्ची एक," कार्बन वाचायची. "ससा, खुर्ची एक. पलंग, खुर्ची एक. पोपट... काका, सगळे एक नंबरलाच जातायत."

"थांब, बसवून बघू." काकांनी सगळ्या वस्तू एक नंबरच्या खुर्चीवर रचल्या. सर्वात वर शाईची बाटली. दोन पावलं मागे सरून त्यांनी तो डोंगर पाहिला, म्हणजे त्यांना जेवढा दिसत होता तेवढा. "बसले. पण खूश नाहीत."

चूक अशी होती की एखादी खुर्ची दिली की ती भरली, हे प्रोग्रामला कोणी सांगितलंच नव्हतं. काकांना ते दिसायचं, म्हणून त्यांना सांगावं लागत नसे. कार्बनने सांगितलं. मग कोणालाच खुर्ची मिळेना. मग सगळ्यांना मिळाली, पण मालकांना उभं राहावं लागत होतं. मग बदकाला खोलीतली एकही खुर्ची पटेना. प्रत्येक वेळी लाल अक्षरं यायची आणि प्रत्येक वेळी काका विचारायचे, "काय म्हणतंय?" कार्बन सांगायची, भूक किंवा दुखतंय. बुधवारी सकाळी कधीतरी तिच्या लक्षात आलं की आपण काल दुपारपासून पाणी प्यायला उठलेलो नाही.

बुधवारी संध्याकाळी खोली गच्च भरली. पोस्टमनने आत येताच विचारलं, "आज कोणता पक्ष?"

"आज पक्ष नाहीत," कार्बन म्हणाली. "तीन नंबर. शेळीचं तोंड दाराकडे."

पोस्टमन थोडा हिरमुसला. बोका चारला, भिंतीकडे बघत. पोपट खिडकीशी. पलंग आठ आणि नऊ मिळून. सायकलवाला बदक काखेत धरून आला, टीव्हीवर अक्षरं उमटली: 'बदक: खुर्ची सहा. पाच आणि सात रिकाम्या.' तेवढ्यात एक आजीबाई बरणीत गोगलगाय घेऊन आल्या आणि प्रोग्राम लालेलाल झाला, कारण गोगलगायीचं त्याला कोणी काही बोललं नव्हतं. काका उठायला लागले.

"बसा तुम्ही," कार्बन म्हणाली. "भुंकतंय नुसतं." तिने दोन ओळी लिहिल्या. 'गोगलगाय: आजींच्या मांडीवर.'

तासभर कोणी कोणाला चावलं नाही. शेवटचा पेशंट गेल्यावर डॉक्टरीणबाई हातमोजे काढत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आज इतकं शांत का होतं? मी दोनदा दार उघडून बघितलं, दवाखाना चालू आहे ना म्हणून."

काकांनी काउंटरचा खण उघडला, आपलं पेन, किल्ल्या आणि खोकल्याच्या गोळ्या काढल्या आणि किल्ल्या कार्बनच्या हातात ठेवल्या. हात दोनदा चुकला, तिसऱ्यांदा सापडला.

"जाऊन येतो," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी घरी निघण्याआधी कार्बनने फाइल पुन्हा उघडली. प्रोग्राममध्ये अशी एक ओळ लिहिता येते, जी यंत्र वाचत नाही, ओलांडून पुढे जातं. ती फक्त माणसांसाठी असते. व्हिडिओतल्या सरांनी अशा ओळी लिहिल्या होत्या आणि तिने त्याही उतरवल्या होत्या. ही तिने स्वतः लिहिली, सगळ्यात वर.

महिन्याने, दवाखाना ऐन भरात असताना दार उघडलं आणि काका आत आले. डोळ्यांवर ऑपरेशननंतरचा गडद हिरवा चष्मा, हातात खोक्यात कासव. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच ते दाराच्या या बाजूने पेशंटसारखे आले होते.

"कासव," ते म्हणाले. "जेवत नाहीये. बसवा कुठेतरी."

कार्बनच्या तोंडावर भलंमोठं हसू आलं, पण नियम म्हणजे नियम. तिने टाइप केलं. टीव्हीवर आलं: 'खुर्ची शिल्लक नाही.' दोन खुर्च्या रिकाम्या होत्या, पाच आणि सात. सहावर बदक होतं.

"असू दे," काका म्हणाले. "उभा राहतो. यंत्र म्हणतंय ना."

"एक मिनिट." कार्बनने फाइल उघडली. टीव्ही जोडलेलाच होता, त्यामुळे भिंतीवर सगळ्यांसमोर तिचा अख्खा प्रोग्राम आला, आतड्या-कोथळ्यासकट. पोस्टमन, सायकलवाला, आजीबाई, सगळे बघत होते. महिन्यापूर्वी ती दारामागे गेली असती. आता तिने बदकाच्या नियमाखाली एक ओळ घातली: काका आले असतील, तर शेजारची खुर्ची चालेल. एंटर. लाल.

"भुंकलं," पोस्टमन म्हणाला. आता सगळ्यांनाच ठाऊक झालं होतं.

"हो, दुखतंय. स्वल्पविराम राहिला."

ती स्वल्पविराम घालत होती, तेवढ्यात मागून काकांचा आवाज आला. ते खोलीच्या त्या टोकाला, दाराशीच उभे होते. भिंत चांगली बारा पावलं लांब. मान किंचित मागे करून, सावकाश, एकेक शब्द सुटा करत ते फाइलची सगळ्यात वरची ओळ वाचत होते.

"यातले... सगळे नियम... काउंटरकाकांच्या हातांवर आहेत. चुका... तेवढ्या... माझ्या."

कार्बनने कीबोर्डवरून मान वर केली नाही. तिला खूप काही म्हणायचं होतं. महिनाभर मनात घोळवून ठेवलं होतं, त्याची सुरुवातही ठरली होती. तिने एंटर दाबलं. 'काका: खुर्ची पाच.'

"पाच नंबर, काका," ती म्हणाली.

काका जाऊन बसले. कासवाचं खोकं मांडीवर ठेवलं, एक हात बदकाच्या मानेवर. बदकाने डोळे मिटले. काकांनी चष्म्याखाली बोट घालून डोळा पुसला. डॉक्टरने पाणी येईल म्हणून आधीच सांगितलं होतं. मग ते बराच वेळ खोली बघत राहिले, पडदा, खिडकी, शेळी, पोस्टमन, पोस्टमनची मिशी.

"भिंत हिरवी आहे होय?" ते म्हणाले. "मला इतकी वर्षं करडी वाटायची."

"करडीच आहे, काका. चष्मा हिरवा आहे."

"मग बरोबर," काका म्हणाले, आणि आपल्या नंबराची वाट बघत बसले.